त्याला काही कळत नाही असे आपण का म्हणतो?

एखाद्या गावच्या शाळेचा हजेरीपट हाती घेऊन घरोघर मुले मोजीत गेले, तर दोन आकडे पुष्कळदा जुळत नाहीत. काही मुले आईबापांबरोबर ऊसतोडणीस गेलेली असतात, काही गुरांमागे असतात; परंतु एखाददुसरे मूल असे निघते की, ते गाव सोडून कोठेही गेलेले नसून पडवीच्या कोपऱ्यातच बसलेले असते. विचारले असता घरची मंडळी सांगतात, "त्याला काही कळत नाही." एवढ्या उत्तराने विचारणाऱ्याचेही समाधान होते व तो पुढच्या घरी जातो. प्रस्तुत लेखात त्या कोपऱ्यातील मुलाविषयी, आणि त्याहूनही अधिक त्या समाधान पावणाऱ्या गृहस्थाविषयी, काही अभ्यास करावयाचा आहे.

अशी मुले थोडी आहेत असे कोणी समजू नये. २०११ सालच्या खानेसुमारीत आपल्या देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष लोक अपंग म्हणून नोंदले गेले व त्यांपैकी सुमारे १५ लक्ष लोक मतिमंद ह्या सदरात मोडले. खानेसुमारीचा कारकून दाराशी उभा राहून विचारतो आणि घरचा माणूस सांगेल तेच लिहून घेतो, हे ज्यास ठाऊक आहे तो हा आकडा कमीच धरील. घरात बहीण लग्नाची असली म्हणजे भावाचे नाव कारकुनापुढे घेण्यास जीभ वळत नाही.

प्रथम ही अवस्था काय आहे ते नीट समजून घेऊ. वेड आणि बुद्धीचे मांद्य ह्या दोन गोष्टी आपल्या बोलण्यात एकत्र कालवल्या जातात, त्या निरनिराळ्या आहेत. वेड हा आजार होय. तो शहाण्यासुरत्या माणसास भर चाळिशीत होऊ शकतो, आणि औषधोपचाराने पुष्कळदा आटोक्यातही येतो. बुद्धीचे मांद्य हा आजार नव्हे. ते जन्मापासून अथवा बालपणात, वाढीच्या वयातच दिसून येते. आणि त्याचा अर्थ इतकाच की, शिकणे, समजणे व रोजचे व्यवहार सांभाळणे ह्या बाबतींत ते मूल सोबत्यांच्या मागे राहते. मागे राहते, थांबत नाही. ह्या दोन शब्दांतील अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे. अशा मुलांपैकी फार मोठा भाग, साधारणपणे शेकडा ८५, सौम्य प्रकारात मोडतो. ही मुले सावकाश का होईना लिहिणे-वाचणे शिकतात, बाजारहाट करतात, आणि मोठेपणी कष्ट करून पोट भरतात. ज्यांना खरोखर जन्मभर अहोरात्र दुसऱ्याचा हात लागतो, त्यांची संख्या फार लहान आहे. परंतु आपण सर्वांस त्या थोड्यांच्या मापाने मोजतो.

शब्दांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. खुळा, अर्धवट, येडा हे शब्द आपल्या गावांतून टोपणनावासारखे वापरले जातात, इतके की खरे नाव शाळेच्या दाखल्यापुरतेही कोणास आठवत नाही. त्यांच्या जागी मतिमंद हा शब्द आला तेव्हा तो सभ्य होता. पुढे मुले भांडताना एकमेकांस तीच शिवी देऊ लागली. इंग्रजीत इडियट आणि इम्बेसाइल हे एके काळी वैद्यांच्या ग्रंथांतील शास्त्रीय शब्द होते, त्यांची गत आपण जाणतोच. हल्ली कायद्यात बौद्धिक अक्षमता असा शब्द आहे. तो वापरावा, परंतु मनातील तुच्छता तशीच राहिली तर हाही शब्द वीस वर्षांत शिवी होईल, ह्यात मला तरी संशय वाटत नाही.

आता कारणांकडे वळू, कारण लोकांची वृत्ती कारणाच्या समजुतीवरच उभी असते. आईने ग्रहणात भाजी चिरली, कोणी करणी केली, पूर्वजन्मीचे फेडावे लागत आहे, अशी उत्तरे आपल्याकडे तयार असतात, आणि ती बहुधा आईच्याच पदरात टाकली जातात. वास्तविक कारणे अगदी निराळी आहेत. डाउन ह्या इंग्रज वैद्याने १८६६ साली ज्या मुलांचे वर्णन केले, त्यांच्या शरीराच्या पेशींत ४६ च्या जागी ४७ गुणसूत्रे असतात, हे १९५९ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले. ही गोष्ट बहुतेक वेळा आईबापांकडून वारशाने आलेली नसते. गर्भ राहतेवेळीच ती घडते. म्हणून अशा मुलाच्या बहिणीचे स्थळ मोडणे हे निर्दय तर आहेच, पण बहुतेक प्रसंगी अज्ञानाचेही आहे. दुसरे कारण बाळंतपण अडून बाळाचा श्वास कोंडणे; तिसरे मेंदूचा ताप; चौथे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे काम जन्मतःच कमी असणे. ह्या चौथ्या प्रकारात जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत गोळी सुरू केली तर मुलाची बुद्धी वाचते, आणि तपासणीस टाचेच्या रक्ताचे काही थेंब पुरतात. गरोदरपणी आईच्या पोटात पुरेसे आयोडीन न गेल्यानेही बाळाच्या बुद्धीची हानी होते. म्हणूनच २००६ सालापासून आपल्या देशात खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास मनाई आहे. जवळच्या नात्यात लग्ने करण्याची आपली चालही काही आनुवंशिक रोगांस वाट करून देते. मामाची मुलगी करण्यापूर्वी, घरात असे मूल आधी झालेले असल्यास, वैद्याचा सल्ला घ्यावा. ह्या साऱ्या कारणांत पाप कोठेच बसत नाही.

आपण ख्रिस्ती लोक म्हणू की, ह्या भोळ्या समजुती आमच्यांत नाहीत. तसे म्हणण्याची घाई करू नये. जन्मांध माणसास पाहून, ह्याने पाप केले की ह्याच्या आईबापांनी, असा प्रश्न ज्यांनी विचारला ते शिष्यच होते, आणि त्यांना मिळालेले उत्तर आपणांस पाठ असूनही तोच प्रश्न आपल्या अंगणांतून आजही विचारला जातो. आपला इतिहासही स्वच्छ नाही. मार्टिन ल्यूथर जेवणाच्या मेजावर जे बोलत ते इतरांनी टिपून ठेवले आहे. त्या टिपणांत डेसाउ येथील एका अशा मुलास नदीत टाकावे असे ते म्हणाल्याची नोंद आढळते. टिपणे दुसऱ्यांच्या हातची आहेत आणि त्यांच्या शब्दांविषयी विद्वानांत वाद आहे, हे खरे. तरी असे मूल म्हणजे सैतानाने बदलून ठेवलेला मांसाचा गोळा, ही कल्पना त्या काळच्या ख्रिस्ती लोकांत सर्रास होती, ह्याविषयी वाद नाही.

त्याच जर्मन देशात चारशे वर्षांनी काय झाले तेही शिकणे अवश्य आहे. तेथे १९३३ साली अशा स्त्रीपुरुषांस सक्तीने वंध्य करण्याचा कायदा झाला. त्या काळी शाळेच्या अंकगणिताच्या पुस्तकांतून मुलांस उदाहरणे घातली जात की, वेड्यांच्या आश्रमाचा खर्च इतका, तर त्या पैशात कामकरी लोकांची घरे किती बांधून होतील? उदाहरण सोडविणाऱ्या मुलाच्या मनात उत्तराबरोबर आणखी काय उतरत असेल ते सांगणे नलगे. जानेवारी १९४० पासून आश्रमांतील रोग्यांस व मंदबुद्धीच्या माणसांस बसगाड्यांतून नेऊन सहा ठिकाणी विषारी वायूने मारण्यात आले. ऑगस्ट १९४१ पर्यंत त्यांची संख्या ७०,००० च्या वर गेली. त्यांत ख्रिस्ती आश्रमांत वाढलेलेही होते. बहुतेक धर्माधिकारी गप्प राहिले. पौल गेरहार्ड ब्राउने ह्या प्रॉटेस्टंट पाळकाने १९४० साली पुरावे गोळा करून सरकारास लेखी निवेदन दिले, त्यानंतर त्यास कैद झाली. म्युन्स्टरचे रोमन कॅथॉलिक बिशप गालेन ह्यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी व्यासपीठावरून उघड निषेध केला. त्याच महिन्यात वायूने मारण्याचे काम थांबविण्याचा हुकूम निघाला, जरी इंजेक्शने देऊन व उपाशी ठेवून मारणे पुढेही गुपचूप चालू राहिले. लोक काय म्हणतात ह्याची तसल्या सत्तेसही थोडीबहुत भीती होती.

ह्याच्या उलट बाजूची गोष्टही युरोपातलीच आहे, आणि ती थेट आपल्याकडील तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बालवाड्यांपर्यंत येऊन पोहोचते. १८०० साली फ्रान्समधील आव्हेरों भागात रानात एकटा वाढलेला एक मुलगा सापडला. मोठमोठ्या वैद्यांनी तो जन्माचा मूढ आहे असे ठरविले. इतार नावाच्या तरुण डॉक्टराने त्यास काही वर्षे चिकाटीने शिकविले. मुलगा बोलू लागला नाही, म्हणून इतारला स्वतःचे काम फसले असेच वाटले. परंतु त्याने बनविलेली साधने व रीती त्याचा शिष्य सेगँ ह्याने उचलल्या आणि मंदबुद्धीच्या मुलांसाठी शाळा चालविली. पुढे रोममध्ये मारिया माँटेसरी ह्या डॉक्टरीणबाईंनी ह्या दोघांचे ग्रंथ अभ्यासून अशाच मुलांस शिकविले, आणि त्यांतील काही मुले सामान्य मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोक चकित झाले. बाईंना मात्र निराळेच आश्चर्य वाटले: ही मुले जर इतके करू शकतात, तर धडधाकट मुलांस शाळेत आपण असे काय शिकवितो की ती ह्यांच्याच पंक्तीस येऊन बसतात? ह्या प्रश्नातून १९०७ साली त्यांचे पहिले बालगृह निघाले. १९३९ साली त्या मद्रासला आल्या व येथे त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले. त्यांच्याच पद्धतीस खेड्याचा पेहराव देऊन, शिंपले, बिया, गोटे ही साधने करून ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डी येथे, आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालवाड्या चालविल्या. तेव्हा आपले शहाणे मूल बालवाडीत लाकडी ठोकळे साच्यात बसविते, ती विद्या मुळात तथाकथित मूढ मुलांसाठी शोधली गेली आहे. त्या ऋणाची फेड म्हणून तरी त्यांस वर्गात घेण्यास हरकत नसावी.

हरकती मात्र पुष्कळ निघतात. "गुरुजी, ह्याला तुमच्याजवळ बसवून घ्या हो," असे म्हणत आई पोरास घेऊन येते, आणि गुरुजी शांतपणे सांगतात, "बाई, ह्याच्यासाठी शहरात वेगळी शाळा असते." वेगळ्या शाळा आहेत व त्यांचे उपकारही आहेत. मुंबईस वकील नावाच्या पारशी दांपत्याने आपल्या मुलीस कोठेच प्रवेश मिळेना म्हणून १९४४ साली स्वतःच शाळा काढली, ती जय वकील शाळा आजही चालू आहे. परंतु खेड्यातील मजुराचे मूल चाळीस कोस दूरच्या शाळेत जाईल कसे? बहुधा ते जात नाही, पडवीत बसते. म्हणूनच १९९४ साली स्पेनमधील सालामांका शहरी ९२ देशांच्या सरकारांनी एकत्र येऊन ठरविले की, सर्व मुलांस शक्य तोवर गावच्या सामान्य शाळेतच घ्यावे. इटलीने तर १९७७ च्या कायद्याने वेगळे वर्ग बंद करून आधारशिक्षक नेमले. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की, सरकारने चालविलेल्या अथवा मान्य केलेल्या शाळेस अशा मुलास नाकारता येत नाही, आणि ज्याची अक्षमता शेकडा ४० अथवा अधिक आहे त्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, फुकट शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा गुरुजींचे वरील उत्तर हे आता सल्ला म्हणून देता येईल, नकार म्हणून नाही.

दुसरी हरकत इतर पालकांची: आमची मुले मागे पडतील, अथवा त्याचे पाहून तसेच करतील. बुद्धीचे मांद्य हे खरजेसारखे एकापासून दुसऱ्यास लागत नाही. अभ्यास मागे पडण्याचे म्हणाल, तर जेथे शिक्षकास पुरेशी मदत मिळते तेथे सोबत्यांच्या अभ्यासाचे नुकसान झालेले सहसा आढळत नाही. मदत न देता साठ मुलांच्या वर्गात आणखी एक कोंबले तर सर्वांचेच नुकसान होईल, पण तो दोष मुलाचा कसा? मला असे वाटते की आपली द्विशिक्षकी खेड्यातील शाळा ह्या कामास शहरातील मोठ्या शाळेपेक्षा योग्य आहे. तेथे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. प्रत्येक मूल निराळ्या पाठावर आहे ही गोष्ट तेथील गुरुजींस नवी नाही, आणि मोठ्या मुलाने लहानास सांगण्याची रीतही तेथे चालत आलेली आहे.

तथापि पटावर नाव घातले म्हणजे काम झाले असे नव्हे. अमेरिकेतील आल्पोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांचा विचार करताना असे मांडले की, दोन प्रकारची माणसे नुसती जवळ आल्याने मने निवळत नाहीत; ती बरोबरीच्या नात्याने, एकाच कामासाठी, एकमेकांच्या मदतीने व वडीलधाऱ्यांच्या संमतीने एकत्र आली पाहिजेत. शेवटच्या बाकावर बसवून खडू-डस्टर आणण्यापुरते उठविलेले मूल वर्गात असूनही वर्गात नसते, आणि सोबती त्याच्याकडून एवढेच शिकतात की हा हमाल आहे. त्याच्या ऐवजी त्यास परिपाठात एक ठरलेले काम द्यावे, खेळात गडी म्हणून घ्यावे, झाडांस पाणी घालणाऱ्या गटात दुसऱ्या दोघांबरोबर ठेवावे.

शिकविण्याची रीत अवघड नाही, सावकाश आहे. वाक्य लहान बोलावे आणि उत्तरासाठी मनात दहा आकडे मोजीपर्यंत थांबावे. आपण तिसऱ्या आकड्यासच अधीर होतो व "त्याला कळत नाही" असा निवाडा देतो. काम तोडून तोडून शिकवावे. सदरा घालणे हे आपणांस एक काम वाटते, त्यात सात-आठ कामे असतात. पुष्कळदा शेवटचा तुकडा आधी शिकविणे हिताचे ठरते: आपण सगळा सदरा घालून द्यावा, बटण अर्धे काजात सारावे, आणि उरलेले अर्धे त्यास ओढावयास सांगावे. "झाला सदरा!" हा आनंद त्यास पहिल्याच दिवशी मिळतो. मग दुसऱ्या आठवड्यात पूर्ण बटण, मग दोन बटणे. पैसे शिकवावयाचे तर खऱ्या नाण्यांनी आणि गावच्या दुकानातच शिकवावे. हे सर्व आई घरीही करू शकते, आणि आपल्या रविवारच्या शाळेची बाईही करू शकते. तेथे तर परीक्षाही नाही. गीताच्या वेळी टाळ धरणे, वर्गणीची थैली फिरविणे, सतरंजी अंथरणे ही कामे ठरवून दिली म्हणजे उपासनेच्या मध्येच मोठ्याने ओरडतो म्हणून ज्यास घरी ठेवले जाते तो किती वेळ शांत राहतो ते पाहावे. ओरडलाच तर उपदेशकांनी क्षणभर थांबून पुढे चालावे. मंडळीतील तान्ही मुलेही ओरडतातच.

मोठ्या माणसांची गोष्ट अधिक दुःखाची आहे. गाव अशा माणसास दोन तऱ्हांनी बाहेर ठेवते. एक हसून: वरातीत त्यास नाचविणे, तंबाखू देऊन वाटेल ते बोलावयास लावणे. दुसरी तऱ्हा दयेची: "बिचारा देवमाणूस आहे" असे म्हणून तीस वर्षांच्या पुरुषास बाळ म्हणणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलणे. ह्यांत दुसरी मला अधिक घातक वाटते, कारण ती करणाऱ्यास आपण पुण्य करीत आहो असे वाटते. तिसरी तऱ्हा कोणी बोलून दाखवीत नाही. दिवसभर पाणी भरून, गोठा काढून घेऊन संध्याकाळी त्याच्या हातावर एक भाकर ठेवणे. चारचौघांत अशा माणसाचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे व त्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, हे वरातीतील तरुणांच्या कानी घालणे बरे.

मुलींच्या बाबतीत भीती खरी असते. आई शेतावर गेली म्हणजे घरी कोण, ह्या विचाराने कित्येक मुली कडीकुलुपात ठेवल्या जातात. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील एका सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची, पाळीची स्वच्छता त्यांस जमत नाही ह्या कारणावरून, गर्भाशये काढून टाकण्यात आली व त्यावर देशभर ओरड झाली. शस्त्रक्रियेने पाळी थांबेल, अत्याचार थांबणार नाही. उलट त्याचा एक पुरावा तेवढा नाहीसा होईल. पाळीची स्वच्छता ही बटणासारखीच तोडून तोडून शिकविता येते. कोणता स्पर्श योग्य व कोणता अयोग्य, "नको" असे मोठ्याने कसे म्हणावे, आणि कोणाजवळ धावत जावे, हे आईने रोज घोकून घ्यावे. आणि लग्न केले म्हणजे सुधारेल, ह्या सल्ल्याला कोणी बळी पडू नये. लग्न हे औषध नव्हे. जोडीदारास सर्व सांगून व दोघांच्या समजुतीने झालेली लग्ने टिकलेली आहेत. लपवून लावून दिलेल्या लग्नात दोन घरे होरपळतात.

ज्या घरी असे मूल आहे तेथील आईबापांच्या मनात एक प्रश्न रात्रंदिवस असतो: आमच्यामागे ह्याचे कसे? त्यासंबंधी उपदेशकांस व पाळकांस पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून अपंगत्वाचा दाखला व ओळखपत्र मिळते. शाळेतील सवलती व इतर बहुतेक मदत त्या एका कागदावर अवलंबून आहे. आईबाप निरक्षर असल्यास आपल्यापैकी कोणी तरी त्यांच्याबरोबर जावे, कारण एका फेरीत काम होत नाही आणि दुसऱ्या फेरीची मजुरी त्यांस बुडविता येत नाही. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते. त्याच्या नावची जमीन अथवा ठेव सांभाळण्यास पालकाची गरज वाटल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात समिती असते, तिचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात, तेथे अर्ज करावा. ह्याच न्यासाची निरामय नावाची विमा योजना आहे, तीत अशा व्यक्तीच्या औषधपाण्यासाठी वर्षास १ लक्ष रुपयांपर्यंत खर्च मिळू शकतो. अर्ज भरताना नाव लिहावयाच्या जागी त्या मुलाचे शाळेतील अथवा बाप्तिस्म्याच्या नोंदीतील खरे नाव घालावे, गावाने ठेवलेले नव्हे. आणि सही करणे त्यास येत असेल तर अंगठा न घेता, वेळ लागला तरी, सहीच करू द्यावी.